आबांचा सुटलेला पडदा

आबा,
लांबूनच पाया पडतो.

मोतीबिंदू काढल्यावर तुम्हाला लख्ख दिसायला लागलं होतं. म्हणून ताई फोनवर म्हणाली, "आबांचा पडदा सुटलाय," तेव्हा मला तो खिडकीचाच वाटला. म्हटलं, "मग खिळा ठोक, मला काय विचारतेस?"

"गाढवा, डोळ्यातला पडदा. उद्या ऑपरेशन आहे."

आता पडदा परत बसवून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय म्हणे. तुम्ही पालथे पडून राहिलात तरच तो पडद्याला दाबून धरणार, नाहीतर डोळा जाणार. मला जन्मभर एका जागी बस म्हणालात, आणि स्वतः दार वाजलं की मान वर करून विचारता, "धाकटा आला का?" ताई ओरडते, "दूधवाला आहे. तोंड खाली."

मला सुट्टी मिळालीय. पण हे पत्र टाकत नाही, कारण कळलं तर तुम्ही दाराकडेच डोळे लावून बसाल. मी गुपचूप मागच्या दाराने येईन आणि खाटेच्या कडेवरून जिथे तुमचं तोंड खाली लोंबतंय, बरोबर त्याच्याखाली जमिनीवर उताणा पडेन. मग मान न उचलता काय शिव्या घालायच्या त्या घाला.

तुमचा,
धाकटा