फोटोतली सूचना

मॅडम, पाथर्डीच्या स्टँडसमोर, पिठाच्या गिरणीच्या वर तुमचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण परवा जे घडलं ते तुम्हालाच सांगावंसं वाटतंय.

माझं पहिलं वेबपेज आठवतं? क्लासच्या निरोप समारंभाची सूचना. खाली गिरणी सुरू आहे, टेबल थरथरतंय, आणि मी सगळी सूचना गुलाबी अक्षरांत, फुलांच्या वेलबुट्टीसकट एका चित्रात बसवून पानावर डकवली आहे. तुम्ही ब्राउझरमध्ये चित्रं बंद केलीत आणि पान पुन्हा उघडलंत. रिकामी चौकट. "वाच आता," म्हणालात. मी म्हटलं, "काहीच दिसत नाही, मॅडम." "मग सूचना दिलीस कुणाला? फुलांना?" सगळा क्लास हसला. मी दोन दिवस आलेच नाही. तिसऱ्या दिवशी आले, तर तुम्ही एक वही पुढं सरकवलीत. तुमच्याच अक्षरात लिहिलेली: शीर्षकाला शीर्षकाचाच टॅग, म्हणजे कोडमधली खूण, यादीला यादीचा, चित्र लावलं तर ते कशाचं आहे ते शब्दांत, आणि रंगरूप सगळं वेगळ्या फायलीत. त्या दुपारी मी त्या वेगळ्या फायलीत एकच ओळ बदलली आणि पानावरची सगळी शीर्षकं एकदम हिरवी झाली. मी खुर्चीतून उठलेच. तुम्हीही हसलात.

आता मी वेबसाइट करून देते. यंदा ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या एका वसतिगृहाचं काम आलं. अधीक्षक म्हणाले, "कशाला एवढा कुटाणा? नोटिशीचा फोटो काढून टाका की." मी हो म्हणणारच होते, सोपं होतं ते. पण बसले आणि सगळी सूचना अक्षरांत लिहिली, नीट शीर्षकं देऊन, यादी करून.

परवा मी त्यांच्या ऑफिसात असताना फोन आला. कारखान्याच्या तळावरून एक बाई बोलत होत्या. अधीक्षकांनी फोन स्पीकरवर ठेवला. "सायेब, मला वाचता येत न्हाई. पन ह्यो मोबाईल वाचून दावतो. नाव नोंदवायला सोमवार शेवटचा हाय म्हनला, म्हनून उद्याच पोरीला घिऊन येते. दाखला बी लागतो म्हनला, त्यो हाय माज्याजवळ." अधीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. "फोटो टाकला असता तर?" म्हणाले. मी म्हटलं, "तर मोबाईलनं काय वाचलं असतं?" काल ती पोरगी आली, मॅडम. खाटेवर पाय हलवत बसली होती.

हे कुठं पाठवायचं नाही, माहीत आहे. फाईल सेव्ह करून ठेवते. फक्त एक कबूल करायचं राहिलं. दर रविवारी मी सहा मुलींना हेच काम शिकवते. कुणी चित्रात सूचना बसवली की मी तेच विचारते, "दिलीस कुणाला? फुलांना?" त्या हसतात, आणि एकीनं तर ते वहीत माझ्या नावानं लिहून घेतलंय. मी अजून दुरुस्त केलेलं नाही.