एरंडाला जमतं ते

बेटेगाव,
ता. २१ ऑगस्ट १९६९

प्रिय आनंदा, आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि काहीतरी काम काढून उठते. आज पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे मागं फिरता येणार नाही. तुझे वडील त्या दिवशी प्यायलेले नव्हते. तीन वर्षं मी सगळ्यांना उलटं सांगत आले, तुलाही सांगितलं. ते कसं चुकलं हे नीट सांगायला हवं, म्हणून पत्र लांबेल.

मी अजून शाळेतच आहे. वर्ग झाडते, पाणी भरते. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम संपत आलं, तशी वडिलांच्या बरोबरची माणसं एकेक करून निघून गेली. शेजारच्या दोन खोल्यांना कुलूप आहे. विज्ञान शिकवणाऱ्या विजयाबाई मला जुनी मासिकं वाचायला देतात. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले त्याला आता पंधरा वर्षं होतील, तरी शास्त्राचं वाचताना बोट ठेवूनच वाचते. फाल्गुनात एका मासिकात एरंडाच्या बियावर लेख होता. आपल्या खोलीमागं एरंड माजलेत म्हणून वाचायला घेतला.

त्यात असं होतं. बी मातीत असतं तेव्हा त्याला ऊन नाही आणि पानही नाही. शिदोरी म्हणून नुसतं तेल असतं, पण कोंबाला वाढायला साखर लागते. मग बियाच्या पेशी त्या तेलाचे बारीक तुकडे करतात. एका तुकड्यात कार्बनचे दोनच अणू. आंबलेल्या ताडीचा शिरका होतो ना, त्यातलं आम्ल म्हणजे जवळजवळ हाच तुकडा. पेशीत तो सुटा फिरत नाही, त्याला वाहून नेणारं एक द्रव्य असतं, त्याच्या पाठीवर बसून फिरतो. हे तुकडे जोडून पेशी साखर बनवते आणि कोंबाला धाडते. पुढं झाड मोठं झालं की पानातल्या साखरेपासून पुन्हा तोच तुकडा तयार होतो, आणि त्यातूनच नव्या बियातलं तेल, पानावरचं मेण, कितीतरी फुलांचे रंग आणि वास. एवढ्याशा तुकड्यावर झाडाचा सगळा संसार.

मला खरं वाटेना. मी एरंडाचं एक बी कागदावर चिरडलं, केवढा तेलकट डाग पडला. बाकीची ओल्या फडक्यात बांधून ठेवली. दहाव्या दिवशी कोंब आलेलं बी तसंच चिरडलं, तर डाग पुसट. तेल गेलं होतं. साखर झाली का ते चाखून बघितलं नाही, एरंडाचं बी विषारी. विजयाबाईंना दोन्ही कागद दाखवले. त्या म्हणाल्या, "राहीबाई, माझ्या वर्गातल्या एकानं एवढं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या असत्या." त्या दिवशी मी खूश होते, आनंदा. लेखाचं शेवटचं पान वाचायचं राहिलं होतं.

शेवटच्या पानावर माणसाचं होतं. आपलं शरीरही चरबी तोडून तेच तुकडे करतं, पण त्यांची पुन्हा साखर करणं आपल्याला जमत नाही. एरंडाला जमतं, आपल्याला नाही. आणि ज्याला मधुमेह असतो त्याच्या रक्तात साखर भरलेली असून पेशींना ती घेता येत नाही, म्हणून शरीर चरबी तोडत सुटतं. इतके तुकडे साचतात की त्यांची आम्लं होऊन रक्त आंबट होतं. रोगी वाळतो, त्याची तहान भागत नाही, तो अडखळतो, बरळतो. त्याच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो, आणि पुष्कळदा लोक त्याला दारू प्यालेला समजतात. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मग मासिक मिटून वर्ग झाडायला गेले.

तू नाशकाला शिकत होतास, त्यामुळं आधीचं तुला माहीत नाही. त्या उन्हाळ्यात ते फळ्या ठोकायच्या कामावरून यायचे आणि माठ संपवायचे. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती. ते मोरीवर लघवीला बसायचे तिथं मुंग्यांची रांग लागायची, मी राख टाकायचे. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण लोकांनी त्यांना दोन-तीनदा जिवल्याच्या झोपडीतून निघताना पाहिलं होतं, आणि जिवल्या ताडी काढणारा. आम्ही इथं राहायला आलो त्या वर्षी दिवाळीत ते एकदा प्यायले होते, तेवढं मला पुरलं. त्या रविवारी तू आलास तेव्हा दुपारी ते भिंतीला धरून आत आले. तोंडाचा तो गोड आंबूस वास सगळ्या खोलीत. "आनंदाची आई, देवाशपथ, घेतली नाही," असं म्हणाले. मी म्हटलं, वासच सांगतोय. तू त्यांना दोन थोबाडीत मारल्यास आणि ओटीवर नेऊन टाकलंस. मी तुला अडवलं नाही. ते पाणी मागत होते. पाण्यानं आणखी चढते असं चाळीत म्हणायचे, म्हणून मी पाणी दिलं नाही, लिंबाचं लोणचं चाटवलं. सकाळी ते गेलेले होते.

पोलिसांना मी जिवल्याचं नाव सांगितलं. दारूबंदीच्या कायद्याखाली त्याला तीन महिन्यांची कैद झाली. सुटून आल्यावर तो भिवंडीकडं गवत कापायला जायला लागला, तिकडंच राहिला. चैत्रात मी त्याच्या बायकोकडं, नवसीकडं गेले. ती मला आत ये म्हणाली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "बाय, तुजा मानूस येवाचा, पन ताडीला नाय. पानी पिवाचा. मडका रिकामा करून जावाचा. आमी तवाच सांगला, कोनी आयकला नाय." मी हात जोडले. ती म्हणाली, "आता हात जोडून काय, मानूस तं गेला." कुणाचा माणूस, तिचा की माझा, ते मी विचारलं नाही.

विजयाबाई म्हणतात, लक्षणं जुळतात, पण आता कुणालाही सिद्ध करता येणार नाही. डॉक्टरनं पाहिलं नव्हतं आणि देह जळून गेला. तेव्हा मला खात्रीनं कधीच कळणार नाही. मी फक्त मानते, आणि ते मानून जगायचं आहे. इन्सुलिनच्या सुया वेळेवर मिळाल्या तर माणूस वाचतो, असंही त्या म्हणाल्या. ते मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. तुझ्या हातून जे घडलं ते दारूड्याच्या बाबतीत घडलं, असं समजून तू नगरला सुखानं राहावंस, असं ठरवलं होतं. पण तू पाठवलेल्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलंय, दारूनं बाप गमावलेला मुलगा, आणि खाली वडिलांचं पूर्ण नाव. दोन ऑक्टोबरच्या दारूबंदीच्या सभेला मी तुझ्याशेजारी व्यासपीठावर बसावं म्हणतोस. आतापर्यंत सात गावांत तू त्यांची गोष्ट सांगितलीस म्हणतोस. आनंदा, मी तिथं बसले तर मला उठून बोलावं लागेल. ते प्यायले नव्हते, मी पाणी दिलं नाही, आणि मुलानं मारलं, हे सगळं. तुला तिथं ते सोसणार नाही, म्हणून मी येत नाही. सभा घे, दारू वाईटच आहे. फक्त त्यांचं नाव घेऊ नकोस. हे वाचून तुझ्या हातून घडलं त्याचं तुला जे वाटेल, ते हलकं होईल असं माझ्याकडं काही नाही. सहा महिने मी माझ्यासाठीच शोधते आहे.

तुझीच,
आई