मधुवंतीची ओटी

ती. राधावहिनीस,

गोरेगावाहून तुझ्या नणंदेचा, सुगंधाचा, वाकून नमस्कार. मी इकडे अगदी मजेत आहे. दादाच्या गुडघ्याला उतार पडला का? निवृत्त झाल्यावर माणसाने खुशाल कणकवलीला जाऊन राहावं, फक्त बायकोला बरोबर नेऊ नये, एवढंच माझं त्याच्याविषयी म्हणणं आहे. (त्याला वाचून दाखव.)

यंदा काय काय आवडलं ते तू विचारलंस. मालिकांत अर्थात आपली मधुवंती. एका शनिवारी तिचा शेवटचा भाग असल्याची जाहिरात झाली. मालिका संपली की नायिकेची ओटी भरायची ही आपली रीत, तू नाहीस म्हणून कशी मोडू? नारळ आणला, खण काढला, तांदूळ घेतले. बाई कायमची परदेशी निघाली, उंबरठ्यावर थांबली. मी टीव्हीला हळदकुंकू लावलं (खालच्या कडेला, मागे पडद्याला लावलं होतं तेव्हा आमचा हर्षद केवढा ओरडला होता!), ओटी ठेवली, डोळे पुसले, आणि तेवढ्यात तिला चक्कर आली. खाली पाटी आली, ‘लोकाग्रहास्तव सोमवारपासून नवे वळण’. म्हणजे बाई घरातच! आता भरलेली ओटी परत कशी घ्यायची? सूनबाई म्हणाली, "आई, फोडा ना नारळ, मस्त सोलकढी करूया." मी म्हटलं, "अगो, ओटीचो नारळ कोण कढयेत घालता?" मग नारळ आपला टीव्हीपुढे बसून मालिका बघत राहिला. अखेर मधुवंतीला दिवस गेल्याचं जाहीर झालं, तेव्हा मी ती ओटी डोहाळजेवणाची धरली आणि नारळाच्या करंज्या केल्या. बऱ्या झाल्या होत्या.

सिनेमात खारदांड्याच्या त्या म्हाताऱ्याचा आवडला. होडी विकायला काढतो आणि गिऱ्हाइकाला तिचे दोषच सांगत बसतो! त्याच्या सुनेवरून आपलं नक्की वाजलं असतं. मी तिच्या बाजूची, तू म्हाताऱ्याच्या. भांडायला कोणी नव्हतं, म्हणून तुझी बाजूही मीच मांडली. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं.

नाटक बोरिवलीला पाहिलं, दोन विहिणींचं. सवयीने दोन तिकिटं काढली आणि शेजारच्या खुर्चीत पर्स ठेवली. विनोद झाला की मला कोपर मारायचं तुझं खूळ, किती चिडायचे मी! या खेपेस नाट्यगृह हसत होतं आणि मी कोपराची वाट बघत होते. फार आठवण आली गं.

तब्येतीला जप, दादालाही जपायला सांग.

तुझी,
सुगंधा

ता. क. : होडी विकली गेली का आणि विहिणींचं पुढे काय झालं, ते मला विचारू नकोस. दोन्हीकडून मध्यंतरालाच उठून आले. घरी ‘छान होतं’ म्हणून सांगितलं.

ता. क. दुसरा : विहिणींचा प्रयोग पुढच्या महिन्यात मुलुंडला आहे. तू ये. दादाला सांगायला एखादं भारदस्त कारण शोधत होते, पण एकही सुचलं नाही. तेव्हा खरं तेच सांग, की नणंदेला करमत नाही.