गडावर ओरखडा नाही

२ मार्च
आणि वर म्हणे मीच फोन उचलत नाही. ताईचं हे नेहमीचंच. अरे, माणूस कामात असू शकतो की नाही? ती फोन करते नेमकी तेव्हा, जेव्हा घुबड माझ्या तटाला शिड्या लावत असतो. घुबड म्हणजे गेममधला माझा शत्रू. खरं नाव काय, कुठल्या देशाचा, काही पत्ता नाही. बहुतेक हल्ले तो मी ड्युटीवर असतानाच करतो. समोर ये म्हणावं, मग बघू. ताई म्हणाली, परदेशात जाऊन लाँड्रीत हॉटेलच्या चादरी इस्त्री करणाऱ्याला कसली आली लढाई. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ठेवला फोन.
निश्चय : उद्यापासून दिवसाला अर्धाच तास.

३ मार्च
अर्धा तास सकाळी दात घासतानाच संपला. उद्याचा आज घेतला. हिशेब तोच.

७ मार्च
हा टाइमपास नाही. एकदा लिहूनच ठेवतो. गड तिसाव्या लेव्हलला गेला की विकता येतो. गेममधल्या आमच्या संघातल्या एकाने गेल्या वर्षी विकला आणि टेम्पो घेतला. त्याने स्वतः लिहिलं होतं. त्यानंतर तो कुणाच्या मेसेजला उत्तर देत नाही, पण टेम्पोवाल्याला वेळ कुठला?
माझा गड विकला की अण्णांची रात्रपाळी बंद. अण्णा गोदामावर वॉचमन आहेत. बापाचे गुडघे गेलेत, तरी रात्रभर उभे. बसलं की डुलकी लागते म्हणून मालकाने स्टूल उचलून नेलं. जूनमध्ये सोडवतो असा शब्द दिलाय मी त्यांना. तेव्हा हा गेम नाहीच. अण्णांच्या गुडघ्यांचा इलाज आहे हा.

१२ मार्च
आमचं काम दोघांचं. ओल्या चादरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं माझ्या जोडीच्या काकांनी, आणि दोघांनी एकदम गरम रोलरवर सोडायची. एकाने मान खाली घातली की चादर तिरकी जाते आणि बाहेर येते ती म्हाताऱ्याच्या कपाळासारखी. आज बऱ्याच तशा आल्या. काका म्हणाले, बाबा रे, तुझा गड वाचवताना माझी बोटं भाजतील एक दिवस. घाबरट माणूस. संध्याकाळी सुपरवायझरने हुकूम काढला, फोन लॉकरमध्ये. सगळ्यांसाठी म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता.
म्हणजे अख्खी ड्युटी गड उघडा. याला व्यवस्थापन म्हणतात!

१३ मार्च
खोलीवर येऊन फोन उघडला. राख. कोठारं लुटली, तबेला जाळला. जेवलो नाही. वरच्या खाटेवरच्या वेल्डरने विचारलं, काय रे, कोण गेलं? मी म्हटलं, आठशे घोडेस्वार. त्याने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. माणसाला माणसाचं दुःख कळत नाही हल्ली.

१४ मार्च
डोकं असावं तर असं! इकडे माझी ड्युटी असते तेव्हा तिकडे घरी रात्र. आणि रात्रभर जागायचा पगार घेणारा माणूस माझ्या घरातच! काखेत कळसा आणि गावाला वळसा.
अण्णांच्या डबड्यात गेम चालला नसता, म्हणून ताईला सांगून त्यांना नवा फोन घ्यायला लावला. या महिन्याचे पैसे त्यातच गेले. पण वस्तू घरातच राहिली ना? ताई म्हणाली, बाप थकला म्हणून तू त्याला दुसरी नोकरी लावलीस. तिची जीभ आधीपासूनच अशी.

१६ मार्च
अण्णांना समजावलं. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. आत माल काय आहे, किल्ल्या कुणाकडे असतात आणि आधीचा पहारेकरी का सोडून गेला. मुरलेला माणूस. मी म्हटलं, मोठा भोंगा वाजला की निळं बटण दाबा, गडावर शील्ड चढते. ते म्हणाले, बरं साहेब. सवयीने निघालं असेल तोंडातून. पण बरं वाटलं.

२० मार्च
घोळ. संघाने माझ्या मदतीला फौज पाठवली होती, पाच सरदारांची. अण्णांनी दारातूनच परत पाठवली. का, तर ओळखीची नव्हती आणि कुणाकडे गेटपास नव्हता. सरदार भडकलेत. एकाने ग्रुपवर लिहिलं, तुझ्या दारावर कोण बसवलाय? मी लिहिलं, तीस वर्षांचा अनुभव.
अण्णांना जरा झापलं. ते म्हणाले, चूक झाली, पण अनोळखी माणसाला आत घ्यायचं नाही हा नियम आहे.

२९ मार्च
लेव्हल अठ्ठावीस! अण्णा आल्यापासून घुबडाची डाळ शिजत नाही. दर तासाला गडाला फेरी मारतात, म्हणजे स्क्रीन बोटाने गोल फिरवतात. आज विचारत होते, तटावरचे शिपाई सदा उभेच असतात, त्यांना स्टूल देता येत नाही का? मी म्हटलं, तसलं काही नाही, पण सोन्याचं सिंहासन आहे, ऑफर चालू आहे. अण्णा म्हणाले, त्यावर कोण बसणार? मी म्हटलं, कुणी नाही, शोभेला असतं. घेऊन टाकलं. विकताना किंमत वाढते.

५ एप्रिल, सकाळ
गेम काढून टाकला. बस्स. काकांच्या दोन बोटांना फोड आलेत. रोलरवर. मी फक्त क्षणभर खिशाकडे बघितलं होतं. फोन खिशात नव्हताच, लॉकरमध्ये होता, मग यात माझा काय दोष? तरी काढला. हलकं वाटतंय.

५ एप्रिल, दुपार
परत टाकला. अण्णांना एकट्याला पहाऱ्यावर सोडणं बरं दिसत नाही.

९ एप्रिल
सुपरवायझरने मला रोलरवरून काढून मळक्या कपड्यांच्या ढिगावर टाकलं. डागाप्रमाणे चादरी वेगळ्या करायच्या. पगार कमी. एका अर्थी चांगलंच, डोक्याला ताण नाही, प्लॅनिंग करता येतं. काका मात्र येता-जाता बोलत नाहीत.

१५ एप्रिल
आईचा फोन. अण्णा आता दिवसाही झोपत नाहीत. जेवताना फोन ताटाशेजारी उभा करतात. काल ओरडून उठले, पूर्वेच्या बुरुजावर कोणीतरी आहे म्हणून. आई म्हणाली, एक पोरगा हातचा गेला होता, आता त्याने बापालाही नेलं. आईचं मनाला लावून घेऊ नये. लेव्हल एकोणतीस झाली आहे. एक पायरी.

२२ एप्रिल
गोदाम फुटलं.
ताईने सांगितलं. मागचं शटर उचकटून आतल्या मोटारी नेल्या, पाण्याच्या पंपाच्या. अण्णा पुढच्या गेटवर जागे होते. शटरचा आवाज त्यांनी ऐकला. त्यांना वाटलं, गडाचा दरवाजा. त्यांनी लगेच निळं बटण दाबलं.
मग अण्णा फोनवर आले. आवाज नेहमीचाच. म्हणाले, तू काळजी करू नकोस, गडावर ओरखडा नाही.

२४ एप्रिल
मालकाने अण्णांना काढलं. मागचा पगार ठेवून घेतला. वर साठ हजार भरा म्हणतो, नाहीतर पोलीस. महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत मुदत. ताई रडत होती. मी म्हटलं, रडतेस काय, गड कशासाठी बांधलाय? तिसावी लेव्हल कालच गाठली, उद्या विकायला काढतो. किंमत एक लाख. घासाघीस झाली तरी ऐंशीच्या खाली यायचं नाही.

२६ एप्रिल
गिऱ्हाईक नाही. मोठा सौदा वेळ घेतो. किंमत पन्नास केली.

२७ एप्रिल
दहा. टेम्पोवाल्याला मेसेज केला, तू कुणाला विकलास? शेवटी उत्तर आलं. टेम्पो सासऱ्याचा आहे.

२८ एप्रिल
घुबडाचा मेसेज! गड मी घेतो म्हणाला. दोन वर्षं हवा होता त्याला. चांगला बोलला, माझ्याशी इतकं नीट या देशात कुणी बोललं नसेल. कुठल्याशा कारखान्यात असतो, त्याची जेवणाची सुट्टी माझ्या ड्युटीत येते. म्हणून तेव्हाच हल्ला. तसं वैर नव्हतं. म्हणाला, मार्चपासून पहारेकरी कोण ठेवलास? असा माणूस मी कधी बघितला नाही. मी म्हटलं, माझे वडील. त्याने सलाम करणारा बाहुला पाठवला.
भाव मात्र त्याने केला तोच. आठशे रुपये.

३० एप्रिल
पासवर्ड दिला. गडाचं नाव त्याने लगेच बदललं. सिंहासन मोडून दगड केले.
अण्णांना फोन केला, म्हटलं, सुटलात, आता रात्री निवांत झोपा. जूनचा शब्द मी एप्रिलमध्येच पाळला, एका अर्थी. ते म्हणाले, झोप येत नाही रे. तीस वर्षांची सवय. रात्री उठून दारात उभा राहतो, तर तुझी आई रागावते. मग हळूच म्हणाले, तुझ्याकडे राखायला काही आहे का?
आता बापाला नाही कसं म्हणायचं? नवा गड सुरू केला. पहिल्याच दिवशी तटबंदी स्वस्तात देतात, ती चारशे चाळीसला घेतली. यंदा शिस्तीत. दिवसाला अर्धाच तास.
साठ हजारांचं मालकाशी बोलून हप्ते पाडायला ताईला सांगितलंय. पहिला हप्ता आजच पाठवतोय. तीनशे साठ.