वारा कंपाउंडरने खावा

ती. ताईच्या पायांवर डोकं ठेवून (म्हणजे कंबर परवानगी देईल तितकं वाकून) नमस्कार.

तुझा ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? अक्षर मुद्दाम टपोरं काढलंय. तूच वाच, भावोजी मधली वाक्यं गाळतात आणि नको तिथे हसतात.

आमच्या सायकल मंडळाची साठीपुढच्यांची शर्यत रविवारी झाली. तुझ्या भावजयीने आधीच बजावलं होतं, "यंदाही शेवटचे आलात तर सायकल घरात दिसणार नाही." (तीन वर्षं मी शेवटचा, आणि नंतर आठ-आठ दिवस पायांना तेल चोळायला ती. तिचंही खरंच आहे.) पण ताई, त्याच सायकलवरून मी अठ्ठावीस वर्षं छापखान्यात गेलो. शाळेतल्या कविता आजही पाठ आहेत त्या सायकलवर म्हणत आलो म्हणून. खुर्चीत बसून म्हणू लागलो की तिसऱ्या ओळीला डोळा लागतो.

म्हणून या खेपेला सायकल दुरुस्तीवाल्याला गुरू केलं. तो म्हणाला, "काका, तुमच्यात ताकद आहे तांब्याभर. ती चढाच्या आधी सांडू नका. कुणाच्या तरी पाठीमागे हातभर अंतराने राहा. वारा त्याला खाऊ द्या." मी त्यात आपली भर घातली. सपाटीवर मंदाक्रांता, चढावर भुजंगप्रयात आणि शेवटच्या फर्लांगाला शार्दूलविक्रीडित, असं पायडलचं वृत्त ठरवलं. (शाळेत गुरुजी बाकावर पट्टी आपटून चाल धरायचे, आठवतं? त्या पट्टीचा असा उपयोग होईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल.)

मागे राहायला पाठ मिळाली ती निवृत्त कंपाउंडरची. काय पाठ! दोन दारांचं कपाट. चौदा किलोमीटर मी त्या कपाटाआड, झुळूकही न लागता, मंदाक्रांतेत. तेवढ्यात बाकीचे सगळे दिसेनासे झाले, आणि कंपाउंडर अचानक हळू झाला. मीही झालो. तो आणखी हळू, मी त्याहून. मग उलगडा झाला: दुरुस्तीवाल्याने त्यालाही तोच तांब्या सांगितला होता!

"व्हा ना पुढे," तो म्हणाला.

"छे, तुम्ही वयाने मोठे."

"सहा महिन्यांनी!"

"मोठेपण महिन्यांवर नसतं."

अशा शिष्टाचारात सायकली जवळजवळ उभ्या राहिल्या. मागून पिशवी घेतलेली एक बाई चालत आली आणि आम्हा दोघांनाही ओलांडून गेली. ती तुझी भावजय होती. वळून एवढंच म्हणाली, "तिकडे मांडव सोडताहेत."

मग मात्र मी शार्दूलविक्रीडित धरलं! सगळी ताकद शिल्लक होती गं. पण रेंगाळून रेंगाळून पोटऱ्यांचे गोळे झाले होते. पहिला चरण पुरा होण्याआधीच पाय आखडला. कंपाउंडर एका चाकाने पुढे गेला. मी शेवटचा.

संध्याकाळी सायकल लाँड्रीवाल्याच्या घरी गेली. तुझी भावजय शब्दाची पक्की. कोपऱ्यात आता नुसता चाकाचा डाग आहे. मी त्याच्याकडे बघत नाही (दिवसातून चारदाच). या वयात माणसाने मोह सोडावेत, हेच खरं.

तुझा,
धाकटा

ता. क. मोह सोडला तो माझ्या सायकलचा. भावोजींची तुमच्या गच्चीत गंजते आहे, ती टेम्पोने पाठवशील का? घरात आणणार नाही. कंपाउंडरच्या पडवीत राहील. त्याची हरकत नाही; फक्त एक दिवसाआड मी पुढे राहायचं, असं ठरलंय.

आ. ता. क. हिला कळवू नकोस. पाकीट दोनदा चिकटवलंय.

वन्सं, नमस्कार. पाकीट वाफेवर उघडलं. सायकल जरूर पाठवा, थेट आमच्या घरीच. ह्यांची मी कुणाला दिलेली नाही. लाँड्रीवाल्याच्या अंगणात त्याची बायको मला रोज शिकवते. कालपासून तोल राहतोय. दुसरी आली की ह्यांना माझ्या मागे ठेवीन. वारा मी खाईन. कविता तेवढ्या मोठ्याने म्हणायला सांगा, म्हणजे मागे आहेत हे कळेल.