डाव्या हाताची तर्जनी

आबा, काल आपल्या लिंबायतमध्ये माझा सत्कार झाला. तुम्ही ज्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचात त्याच गल्लीच्या तोंडाशी मांडव घातला होता. देशाकडून खेळलेला इथला डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून शाल दिली, आणि प्रत्येक वक्त्याने एकच पालुपद लावलं, की निवड समितीने याचा गळा कापला. मोजके कसोटी सामने, एक वाईट दौरा, आणि कायमचा घरी. मला अजून संताप येतो. फलंदाज चार डाव शून्यावर बाद झाला तर त्याचा फॉर्म गेलेला असतो; आमची मात्र फिरकीच संपते. पेपरवाल्यांनी आठवड्याभरात मला मोडीत काढलं.

पण त्याहून जास्त राग तुमच्यावर आहे. शेवटच्या कसोटीनंतर घरी आलो, आईने ताट वाढलं, आणि हयातीत चेंडू हातात न धरलेले, टपरीवरच्या टीव्हीवर सामना पाहिलेले तुम्ही विचारलंत, "बोट दुखत व्हतं ना तुनं? मंग सांगं का बरं नही?" तुम्हाला काय कळतं त्यातलं, असं म्हणून मी ताट सरकवून उठलो. तुम्ही कायमचे जाईपर्यंत आपण पुन्हा क्रिकेटवर बोललो नाही.

तुम्हाला कळत होतं, हेच तर खुपतं. अजून दिसतं: माझी दहावीची सुट्टी आहे, तुम्ही पाणी प्यायला जाताना लूम माझ्यावर सोपवता. एक धागा तुटतो. लूम थांबवली तर शेठ ओरडेल म्हणून मी ती तशीच चालू ठेवतो. तुम्ही परत येता, कापडावरून हात फिरवता आणि तुटक्या धाग्याची रेघ सापडते. मारत नाही. सगळे बघत असताना हातभर कापड दोरा दोरा करून उसवायला लावता. "तुटना ते तुटना, दपाडा कशाले?" लपवला का, एवढंच तुम्ही विचारता, आणि मी मान खाली घालून दोरे उसवत राहतो.

तर्जनीचं पेर त्या दौऱ्याच्या पहिल्याच दिवशी सुजलं होतं. संघात आणखी एक डावखुरा वाट बघत होता; दुखतं म्हटलं असतं तर तो आत आला असता. मी कप्तानाला सांगितलं नाही. चेंडू न वळता सरळ जात राहिला. साऱ्या देशाने पाहिलं, ओळखलं फक्त तुम्ही.

हे मी घरातही कुणाला वाचायला देणार नाही. काल शेवटचा वक्ता म्हणाला, याच्यावर अन्याय झाला. मी मान डोलावली, आणि ते बोट शालीखाली घेतलं.