एकाच पेल्यातलं दूध

कॉर्क, आयर्लंड
जून १८९३

चि. उत्तरा हिस, ठाण्यापासून फार लांब बसलेल्या हरिहरदादाचे आशीर्वाद.

हे आईला मोठ्याने वाच. माझी प्रकृती ठीक आहे. शाळेने मला वेगळी चूलही दिली आहे.

इथली गंमत ऐक. गणितात पहिला आलो तर एक पुस्तक मिळालं, आणि आमची होडी शर्यतीत पहिली आली तर चांदीचा पेला! मला वल्ही मारायला शिकवणारा बाळकुमचा दामाजी कोळी इथे असता, तर त्याच्या घरात पेले मावले नसते. त्याला सांगशील ना?

जिंकलेल्या सगळ्यांनी त्या एकाच पेल्यातून दूध प्यायचं, अशी इथली रीत. उष्टं कसं पिणार? मी आपल्या घरच्यासारखी वरून धार तोंडात सोडली. पोरं बघतच राहिली! मग प्रत्येकाने तसं करून पाहिलं आणि सदरे भिजवले.

बाबांचा खोकला कमी झाला का?

आईला इथपर्यंतच वाच. पुढचं तुझ्यापुरतं.

पेला दुसऱ्यांदा आला, तेव्हा मी ओठ लावून प्यायलो. वर्षभर ‘ए हिंदुस्थान’ म्हणणाऱ्या पोरांनी तो ‘घे, हरिहर’ म्हणून पुढे केला होता.

तुझा, अजून तोच,
दादा